पाळीचा धडा मैदानावर

आमच्या शाळेत आठवीच्या वर्षी एक दिवस सगळ्या मुलींना हॉलमध्ये बोलावलं आणि मुलांना मैदानावर खेळायला सोडलं. हॉलची दारं लावून घेतली. बाहेरून आलेल्या बाईंनी पडद्यावर गर्भाशयाचं चित्र दाखवलं आणि जाताना प्रत्येकीच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पाकीट दिलं. बाहेर आलो तर मुलं जिन्यातच उभी. "काय सांगितलं गं?" "काही नाही." ते "काही नाही" पुढे कित्येक वर्षं पुरलं. चित्रातलं काहीही माझ्या लक्षात राहिलं नाही. राहिलं ते एवढंच, की ही हॉलमधली गोष्ट आहे, मैदानावरची नाही.

आता मी दर रविवारी सकाळी मुंबईत नायगावातल्या एका मैदानावर ११ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना खो-खो शिकवते, आणि पाळीबद्दल जे सांगायचं ते तिथेच सांगते. मुलामुलींना एकत्र बसवून, खेळ चालू असताना. हे कसं करतो आणि त्यातून शरीराचं नेमकं काय समजतं, ते इथे मांडते आहे.

मैदानच का, हा प्रश्न पालक विचारतात. माझ्यासाठी उत्तर साधं आहे. मैदानावर शरीराबद्दल कुणी कुजबुजत नाही. पोटरीत गोळा आला, मांड्या घासल्या, दम लागला, पोटात कळ आली, हे सगळं तिथे मोठ्यानं बोललं जातं आणि त्यावर लगेच काहीतरी केलं जातं. अशा ठिकाणी "ताई, पाळी आलीय" हे वाक्य चटकन सामावून जातं. शिवाय इथे प्रश्न आजचा असतो. वर्गात बसलेल्या मुलीला बीजांडकोशाचं चित्र परीक्षेपुरतं असतं. दुपारी सामना असलेल्या मुलीला मात्र आत्ताच कळायला हवं असतं, की मी धावू का?

खेळातून असं काही शिकवणारी मी पहिली नव्हे. नाझ फाउंडेशन या संस्थेच्या 'गोल' उपक्रमानं २००६ मध्ये दिल्लीत नेटबॉलपासून सुरुवात केली आणि पुढे तो मुंबईतल्या वस्त्यांमध्येही आला. मुली खेळतात आणि त्याच वेळात आरोग्य, पैसे, हक्क यांवर बोलतात. मला नेटबॉल येत नाही. मला खो-खो येतो, आणि पाळी समजावायला याहून चांगला खेळ मला सापडलेला नाही.

पण त्याआधी लंगडी. पहिल्याच दिवशी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चिठ्ठ्या ठेवते. प्रत्येक चिठ्ठीवर पाळीसाठी घरात वापरला जाणारा एकेक शब्द: कावळा शिवला, बाहेरची झाले, बाजूला बसले, अडचण, डेट, प्रॉब्लेम. लंगडी घालत जायचं, चिठ्ठी उचलायची, लंगडी घालतच परत यायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायचं. मुलं-मुली दोघांनी. धापा टाकणाऱ्या पोराला लाजायला फुरसत नसते. शेवटची चिठ्ठी असते 'पाळी', आणि ती वाचली जाईपर्यंत तो शब्द इतर शब्दांसारखाच एक होऊन गेलेला असतो.

मग खो-खो. खेळ सगळ्यांना माहीत आहे: पाठलाग करणाऱ्या संघातले आठ जण मधल्या पाटीवर आळीपाळीनं उलटसुलट तोंडं करून बसलेले, नववा उभा. बसलेल्याला पाठीमागून खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. एकदा एका दिशेनं निघालं की मध्येच मागे वळता येत नाही. वळायचं तर टोकाच्या खांबाला वळसा घालावा लागतो. आमच्या या डावाला हे दोन नियम फार उपयोगी पडतात.

चार जणांना नावं द्यायची. पहिला हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या तळाचा एक छोटा भाग. दुसरी त्याच्या खाली लोंबणारी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी. तिसरी बीजांडकोश. चौथी गर्भाशय. आणि 'खो' म्हणजे हार्मोन: रक्तातून जाणारा निरोप. हायपोथॅलॅमस खो देतो, पीयूषिका उठते. ती बीजांडकोशाला एफएसएच नावाचा खो देते. बीजांडकोशात पाण्यानं भरलेल्या बारीक पिशव्या असतात, प्रत्येकीत एक बीज. खो मिळाला की काही पिशव्या वाढू लागतात आणि त्यांतली एक बाकीच्यांना मागे टाकते. वाढता वाढता ती इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन बनवते.

या इस्ट्रोजेनला दोन ठिकाणी जायचं असतं. पुढे गर्भाशयाकडे: "अस्तर जाड कर." आणि मागे मेंदूकडे. आता मागे कसं जाणार? खांबाला वळसा घालून. बीजांडकोश झालेली मुलगी धावत वळसा घेऊन पहिल्यापर्यंत पोचते आणि म्हणते, "पुरे, सावकाश." बरेच दिवस ती हेच सांगत राहते. पण बीज पिकतं, इस्ट्रोजेन भरपूर होतं, दोनेक दिवस तसंच टिकतं, आणि मग तोच निरोप उलटा ऐकू येऊ लागतो: "आता जोरात!" पीयूषिका एलएच नावाचा खणखणीत खो देते आणि साधारण दीड दिवसात पिशवी फुटून बीज बाहेर पडतं. सावकाश म्हणणाराच निरोप जोरात म्हणायला कसा लागतो, हे मुलांना फार आवडतं. मलाही आवडतं. शरीरात अशा जागा फार नाहीत.

रिकामी पिशवी वाया जात नाही. तिचा पीतपिंड होतो, पिवळसर गोळा, आणि तो प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन बनवतो. गर्भाशयाचं अस्तर टिकवून ठेवायचं काम त्याचं. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड सुमारे दोन आठवड्यांत सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर सुटून रक्ताबरोबर बाहेर येतं. ती पाळी. आपण तो दिवस पहिला म्हणून मोजतो, पण खरं तर तो आधीच्या डावाचा शेवट असतो.

आता खरी गंमत. मी हायपोथॅलॅमस झालेल्या मुलाला सांगते, खो देऊ नकोस, मनात वीस आकडे मोज. बाकीचे ताटकळत बसतात, ओरडतात. विसाव्या आकड्याला तो खो देतो आणि पुढचा सगळा डाव नेहमीच्याच वेगानं होतो, फक्त उशिरा संपतो. पाळी लांबते ती बहुतेक वेळा अशी. चक्राचा दुसरा अर्धा भाग, बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचा, साधारण दोन आठवड्यांचा आणि फारसा न बदलणारा. ताणला जातो तो पहिला भाग. परीक्षा, ताप, झोप उडणं, मे महिन्यात गावाला गेल्यावर बदललेलं वेळापत्रक, यांतलं काहीही मेंदूचा खो अडवू शकतं. मार्च महिन्यात "ताई, माझी आलीच नाही" म्हणत घाबरलेल्या दहावीच्या मुलींना मी फक्त एवढंच विचारते, तुझा हायपोथॅलॅमस अभ्यास करतोय का?

२८ दिवस ही सरासरी आहे, नियम नाही. मोठ्या बायकांमध्ये २१ ते ३५ दिवसांचं चक्र ठीक मानतात. पहिली काही वर्षं २१ ते ४५ दिवसांचंही. सुरुवातीच्या काळात ही साखळी बसलेलीच नसते, बऱ्याच चक्रांत बीज सुटतही नाही. नव्या संघाला खो देण्या-घेण्याची लय सापडायला वेळ लागतो, तसंच. मात्र दोन पाळ्यांमध्ये तीन महिन्यांहून जास्त अंतर पडलं, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना भेटायचं.

खेळणाऱ्या मुलींबाबत एक गोष्ट आणखी ठामपणे सांगायला हवी. सराव खूप आणि खाणं कमी, असं झालं तर मेंदू सर्वांत आधी याच खर्चाला कात्री लावतो आणि पहिला खो थांबतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' (खेळात शरीराला ऊर्जा कमी पडणं) हे नाव दिलं. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं, आणि हाडं मजबूत ठेवणारंही तेच असतं. ऐन वाढीच्या वयात हाडं कच्ची राहतात. "पाळी बंद झाली म्हणजे सराव जोरात चाललाय" असं म्हणणारे प्रशिक्षक मी स्वतः ऐकले आहेत. ते चूक आहे. ते मुलीचं नुकसान आहे.

रक्त किती जातं, हा दुसरा खेळ. एक बादली, एक तांब्या, एक पेला आणि पाच मिलिलिटरचा एक चमचा समोर ठेवायचा आणि विचारायचं, एका पाळीत एकूण किती? बहुतेक हात तांब्याकडे जातात, काही बादलीकडेही. खरं माप ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे सहा ते आठ चमचे, सगळ्या दिवसांचं मिळून. लाल रंग घातलेलं पाणी मोजून पेल्यात ओतलं की पेल्याचा तळच जेमतेम भिजतो. शांतता पसरते. ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर जास्त रक्तस्राव समजतात, पण घरी चमचा घेऊन कोण मोजणार? म्हणून खुणा सांगते. तास-दोन तासांत पॅड पूर्ण भिजतंय, मोठ्या गाठी पडतायत, सात दिवस उलटले तरी थांबत नाही, तर गप्प बसायचं नाही. काही मुलींना रक्त न गोठण्याचा आजार असतो आणि तो कधीकधी पहिल्या पाळीतच कळतो.

दुखण्याचा धडा कबड्डीतून येतो. चढाई ३० सेकंदांची असते. सगळ्यांनी मूठ जमेल तेवढी घट्ट आवळायची आणि ३० सेकंद "कबड्डी कबड्डी" म्हणायचं. मग मूठ उघडायची. तळहात पांढराफटक, बोटं ठणकतायत. स्नायू आवळला की त्यातून वाहणारं रक्त अडतं आणि दुखतं. अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि ती गर्भाशयाच्या स्नायूला अशीच मूठ आवळायला लावतात. तीच आतड्यांवरही काम करतात, म्हणून पाळीच्या पहिल्या दिवशी काहींना पातळ संडास होते. मुली कालच्या वडापावला दोष देत असतात. ओटीपोट शेकल्यानं आराम पडतो. डॉक्टर देतात त्या वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्या ही रसायनं बनणंच कमी करतात, त्यामुळे कळा टिपेला पोचण्याआधी आणि काहीतरी खाऊन घेतल्या तर त्यांचा जास्त उपयोग होतो. कोणती आणि किती, हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

व्यायामानं दुखणं कमी होतं का? २०१९ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेनं आधीचे सगळे प्रयोग एकत्र तपासले. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी ४५ ते ६० मिनिटं व्यायाम केला तर वेदना बऱ्यापैकी कमी होऊ शकतात, असं त्यात दिसलं. मात्र पुरावा अजून कच्चा आहे, हेही त्यांनी म्हटलं. म्हणून मी "खेळ, म्हणजे दुखायचं थांबेल" असं वचन कुणाला देत नाही. आणि गोळी घेऊनही दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर ते "बायकांच्या जातीला असतंच" म्हणून सोडायचं नाही. त्यामागे एंडोमेट्रिओसिससारखा (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा) आजार असू शकतो.

मग पाळीत खेळायचं की नाही? ज्या मुलीला खेळावंसं वाटतं तिनं खेळावं. धावल्यानं, उड्या मारल्यानं गर्भाशय सरकत नाही, रक्त वाढत नाही. जिला नको वाटतं तिनं बसावं. आमच्याकडे "आज मी बाहेर" एवढं म्हणणं पुरतं, कारण विचारत नाही, आणि हा नियम मुलांनाही आहे. पाळीचा खेळावर काय परिणाम होतो याच्या अभ्यासांत सरासरी फरक अगदी किरकोळ दिसतो, पण मुलीमुलींत मोठा फरक असतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली भारोत्तोलक मीराबाई चानूचं पदक एका किलोनं हुकलं आणि तिनं सामन्यानंतर सांगितलं, की तिच्या पाळीचा तिसरा दिवस होता. चीनची जलतरणपटू फू युआनहुई २०१६ मध्ये रिओत असंच मोकळेपणानं बोलली होती. मी मुलींना चानूच्या गोष्टीचा दुसरा भागही सांगते: त्याच दिवशी तिनं एकूण १९९ किलो उचलले होते.

मुलींच्या चक्राच्या तारखा वहीत ठेवणारे प्रशिक्षक आता दिसू लागले आहेत. हेतू चांगला असेल, पण मला हे पटत नाही. वही मुलीची, तारखाही तिच्या. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

आयांची एक भीती कुणी उघड बोलत नाही, म्हणून मीच काढते. मल्लखांब, सायकल, लांब उडी यांमुळे "पडदा फाटतो" म्हणून मुलींना खेळातून काढलं जातं. योनीच्या तोंडाशी असलेलं हे लवचिक आवरण प्रत्येकीचं वेगळं असतं आणि त्यावरून मुलीबद्दल काहीही ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्येच सांगितलं, की कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही. दादरच्या मैदानावर मल्लखांबावर चढणाऱ्या मुली बघून यातल्या दोघी आयांनी आपल्या लेकींना परत खेळायला पाठवलं, हे मला फार मोठं वाटतं.

पाळीपेक्षा जास्त मुलींना मैदानाबाहेर बसवतं ते रक्तात लोह कमी असणं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. याच वयाच्या मुलांमध्ये ३१.१ टक्के. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की मुलीला रक्तक्षय आहे असं धरतात. चहा-बिस्किटावर सकाळी मैदानात आलेली पोर दुसऱ्या डावात चक्कर येऊन बसते आणि सगळे म्हणतात, "पाळी असेल." शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं. बऱ्याच मुली ती दप्तरात ठेवतात, कारण मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होणं साहजिक आहे. मळमळ जेवणानंतर घेतल्यानं कमी होते. चहा मात्र तिच्या आगेमागे नको, लोह शोषलं जात नाही. लिंबू पिळलेले चणे चालतील, घरात मासे-मटण होत असेल तर उत्तमच.

आता मुंबईचं बोलते, कारण शरीरशास्त्र शिकवून झाल्यावर मुली विचारतात ते वेगळंच असतं. पॅड बदलायचं कुठे? दर चार ते सहा तासांनी बदला असं सांगणं सोपं आहे. सामन्याला ठाण्याहून लोकलनं निघालेली मुलगी, मैदानावरच्या संडासाला कडी नाही, आत दिवा नाही, पाणी नाही, कचऱ्याचा डबा नाही. ती सकाळपासून पाणीच पीत नाही, म्हणजे लघवीला जावं लागणार नाही. स्पर्धेला नाव देण्यापूर्वी आम्ही आता आयोजकांना या चारच गोष्टी विचारतो: कडी, दिवा, पाणी, डबा. कागदात गुंडाळून डब्यात टाकायचं, संडासात नाही, हे मुलींना सांगण्याआधी डबा तरी हवा.

कापड वापरणाऱ्या मुलींची अडचण जूनमध्ये पावसाबरोबर सुरू होते. कापड वाईट नाही. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेलं कापड चांगलं. पण दहा बाय दहाच्या खोलीत, पावसात, ओढणीखाली लपवून वाळत घातलेलं कापड ओलंच राहतं आणि ओल्या कापडानं खाज, पुरळ येतं. त्या चार महिन्यांसाठी पॅडची सोय करावी, असं मी आयांना सुचवते. कपड्यांच्या रंगाचंही तेच. विम्बल्डननं २०२३ पासून महिला खेळाडूंना पांढऱ्या पोशाखाखाली गडद रंगाच्या चड्ड्या घालायला परवानगी दिली. आमच्या संघाची पांढरी चड्डी त्याआधीच नेव्ही ब्लू झाली होती, आणि ते सुचवलं होतं एका मुलानं.

श्रावण लागला की आणखी एक प्रश्न येतो. गौरी-गणपतीत पाळी येऊ नये म्हणून घरात मोठ्या बायका गोळ्या घेतात. ते पाहून दहीहंडीच्या पथकातल्या, सामन्याच्या मुली तेच मागतात. या गोळ्या प्रोजेस्टेरॉनसारखं काम करतात: पीतपिंड सुकला तरी निरोप चालू ठेवायचा, म्हणजे अस्तर सुटत नाही. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. डॉक्टरांनी तपासून दिली तर ते औषध आहे. शेजारणीनं दिलेली पट्टी, केमिस्टकडून आणलेली चार पाकिटं, हे नको. कुणाच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असते, कुणाला यकृताचा त्रास असतो. देवाला पाळी चालते की नाही, यावर मी पोरींच्या आज्यांशी वाद घालत नाही. बाजूला बसायच्या दिवसांत चुलीपासून आणि विहिरीपासून सुटका होती, हे एका आजीनं मला सांगितलं, आणि तिचं खरं होतं. विश्रांती हवी तर जरूर घ्यावी. शिवायचं नाही, हे मात्र मैदानावर चालूच शकत नाही; खो द्यायचा तर शिवावंच लागतं.

मुलांबद्दल शेवटी लिहिते आहे, पण ते पहिल्या दिवसापासून तिथेच असतात. संघाच्या किटबॅगेत पट्ट्या, आयोडीन, ग्लुकोज आणि पॅडचं पाकीट एकाच कप्प्यात असतं आणि बॅग पाळीपाळीनं सगळे उचलतात. मागच्या जुलैत पावसानं खेळ थांबला, सगळे पत्र्याच्या शेडखाली बसलो होतो. चौदा वर्षांचा आमचा सगळ्यात चपळ खेळाडू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, हा खो शेवटी बंद कधी होतो?"

मी सांगितलं, बीजांडकोशातल्या पिशव्या संपत येतात. साधारण ४५ ते ५५ च्या दरम्यान. पीयूषिका तेव्हा उलट जास्तच जोरात खो देत राहते, पण बीजांडकोश उठत नाही. आधी काही वर्षं पाळी मागेपुढे होते, मग सलग बारा महिने आली नाही की थांबली म्हणायचं. त्या काळात रात्री दरदरून घाम येतो, झोप मोडते, चिडचिड होते.

"पंखा फुल करून पण?"

"पंखा फुल करून पण."

"आई ४७ ची आहे," तो म्हणाला. "बाबा तिला म्हणतात, तुला नाटकं सुचतात." मग जरा वेळानं, "मी बाबांना सांगू का, की तुम्ही सांगा?"

मी म्हटलं, तूच सांग. पाऊस थांबला होता. तो उठून पाटीवर जाऊन बसला.